ठाण्यात मारून घेतलेली कबुली : शाबित कुणी करायचं?

गोदाकाठ
मंडळी, एक प्रश्न विचारायचाय. आमच्या जुन्या सालगड्याचा पोरगा आहे, वय २०. शिवारातल्या पाणबुडी मोटारी आणि केबल चोरीला गेल्या, त्यात तालुक्याच्या ठाण्यानं ह्याला संशयावरून नेलं. नेलं सोमवारी संध्याकाळी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. कागदावर अटक बुधवारची. कोर्टात उभा केला तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? त्यानं नाही म्हटलं. जामिनावर सुटून घरी आला तेव्हा आईनं त्याचे तळपाय बघितले.

आता केस उभी राहतेय. पोलिसांच्या कागदात त्याची कबुली आहे, आणि एक मोटार त्यानं काढून दिली असा पंचनामा आहे. गावातले जाणते म्हणतात, "मारलं म्हणता ना, मग मारल्याचं शाबित करा. नसेल जमत तर गप बसा." हे माझ्या मनाला पटत नाही. बंद खोलीत काय झालं याचा पुरावा त्या पोरानं आणायचा कुठून? खोली त्यांची, डायरी त्यांची, पंच त्यांनी बोलावलेले. कायदा खरंच असं म्हणतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

बालाघाटी
मोटार सापडली ना भाऊ? मग मारलं का नाही मारलं ह्यात काय राहिलं? मागच्या साली माझी मोटार गेली ऐन उन्हाळ्यात. दुसरी आणेस्तोवर ऊस वाळून कोळ झाला. तवा एक बी माणूस मला इचारायला आला नाही की तुझं काय झालं. चोराच्या तळपायाची काळजी समद्यांला.

तेरणाकाठची
बालाघाटी दादा, तुमचं नुकसान खरंच मोठं आहे. पण तो चोर आहे हेच तर ठरायचं आहे अजून.

अॅड. मांजरा
गोदाकाठ, तुमचे जाणते अर्धवट सांगतायत. मी जिल्हा कोर्टात फौजदारी करतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

पहिली गोष्ट. पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबितच करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. मारलं असो, चहा पाजून घेतलेली असो, ती कबुली कोर्टात चालत नाही. त्यामुळं तेवढ्यापुरतं तुमच्या पोराला मारहाण शाबित करायची गरजच नाही. कोठडीत असताना तिऱ्हाइतापुढं, सरपंचापुढं किंवा पत्रकारापुढं दिलेली कबुलीही चालत नाही. दंडाधिकारी समक्ष हजर असतील तरच चालते.

दुसरी गोष्ट. पोलीस सोडून इतर ठिकाणी दिलेली कबुली धाकानं, आमिषानं किंवा वचन देऊन घेतलेली असेल तर कलम २२ लागतं, म्हणजे जुनं २४. तिथले शब्द नीट वाचा. कबुली अशी घेतली गेल्याचं न्यायालयाला "दिसून आलं" तर ती गैरलागू. "शाबित झालं तर" असं कायदा म्हणत नाही. प्यारेलाल भार्गव खटल्यात, १९६३ साली, सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक सांगितला. शाबितीपेक्षा कमी दर्जाची शक्यता पुरते. आरोपीनं रास्त शंका येईल एवढं समोर ठेवावं. कबुली राजीखुशीची होती हे दाखवायचं काम सरकार पक्षाचं.

तिसरी गोष्ट वेगळी आहे आणि लोक इथंच गल्लत करतात. त्या पोलिसांना शिक्षा व्हावी म्हणून तुम्ही गुन्हा दाखल कराल, तर तिथं ते पोलीस आरोपी. मग वाजवी शंकेपलीकडं शाबित करावं लागतं. कबुली काढायला मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. साध्या दुखापतीला ७ वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला १० वर्षांपर्यंत कैद. कागदावर कडक. पण साक्षीदार कोण, तर सोबतचे शिपाई.

म्हणजे प्रश्न एकच दिसतो, पण कबुली बाजूला काढणं आणि मारणाऱ्याला शिक्षा करणं ही दोन कामं आहेत. दोन्हीकडं ओझं सारखं नाही.

सोयाबीन_भाव_द्या
वकीलसाहेब, एक नंबर. सेव्ह करून ठेवलं. कलमांचे नंबर बदलल्यापासून आमच्या तालुक्यातले वकील मनतात जुनंच, लिहितात नवंच, अन् पक्षकार दोन्हीकडून मान डोलवतो.

जमादार_निवृत्त
मी नोकरीत आयुष्य काढलंय, आता निवृत्त आहे. दुसरी बाजू पण ऐका.

चोरीचा गुन्हा दाखल झाला की तिसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. पुढाऱ्याचा फोन, साहेबांचा फोन, क्राइम मीटिंगला उभं करून विचारणा. एका तपासी अंमलदाराकडं ढीगभर गुन्हे, बंदोबस्त वेगळा, जत्रा-मिरवणुका वेगळ्या. बोटांचे ठसे घ्यायला माणूस जिल्ह्याहून येणार. मग सोपा रस्ता कोणता? संशयित आणा आणि बोलता करा. हा रस्ता चुकीचा आहे हे मी आज मोकळेपणानं म्हणतो. नोकरीतही म्हणत होतो.

पण एवढंही खरं की ज्याच्यावर आरोप येतो तो प्रत्येक जण म्हणतो, मला मारलं. अगदी बोटही न लावलेला माणूस वकिलाच्या सांगण्यावरून तसं म्हणतो, ते मी कोर्टात उभं राहून ऐकलंय. म्हणून सगळं ओझं पोलिसांवर टाका, असं म्हणणाऱ्यांनी विचार करावा. मी मारलं नाही हे मी तरी कसं शाबित करू?

तेरणाकाठची
जमादार काका, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, आदर आहे. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच हातात असतं ना? ठाण्यात आणल्याची वेळ, अटकेची वेळ, दवाखान्यात नेल्याची नोंद, डायरी, कॅमेरा. हे सगळं नीट ठेवलं तर मारलं नाही हे दाखवणं सोपं आहे. माणूस सोमवारी आणायचा आणि बुधवारी लिहायचा, तर संशय येणारच.

पालावरचा
बालाघाटी, तुम्ही मोटारीचं बोलता. आमच्याकडं कुठं काही गेलं की पहिली गाडी पालावर येते. बीड घ्या, धाराशिव घ्या, पारध्याच्या पालावर रात्री टॉर्च पडला की लेकरं ज्वारीत पळतात. बाप नाही सापडला तर बाईला नेतात. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी १८७१ ला केला, १९५२ ला रद्द झाला. ठाण्याच्या डोक्यातून रद्द झाला नाही.

एक निकाल सांगतो, सगळ्यांनी वाचावा असा. नाशिक जिल्ह्यात २००३ साली दरोडा, बलात्कार आणि खून झाला. त्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना धरलं. खालच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी. मग पुनर्विलोकन झालं आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंतून आधी वेगळेच चार जण ओळखले होते, त्यांना कधी धरलंच नाही. प्रत्येकाला ५ लाख भरपाई मिळाली. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. आता सांगा, खरे गुन्हेगार सुटले याचं काय? ज्या बाईवर अत्याचार झाला तिला तरी न्याय कुठं मिळाला?

बालाघाटी
पालावरचा भाऊ, हे मला ठाऊक नव्हतं. सहाला फाशी मनजे लईच झालं. पर माझा सवाल तसाच हाय. ह्या पोरानं मोटार काढून दिली, ती काय आभाळातून पडली का?

अॅड. मांजरा
बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत बालाघाटी. हेच ते प्रसिद्ध कलम २७. नव्या कायद्यात ते २३ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात गेलंय, पण कोर्टाच्या आवारात अजून सगळे सत्तावीसच म्हणतात.

कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी थेट संबंध असलेलं तेवढंच वाक्य पुराव्यात येतं. "मी मोटार अमक्या ठिकाणी ठेवली आहे, काढून देतो" एवढं. "मी ती चोरली" हे वगळायचं. पुलुकुरी कोट्टाया खटल्यात १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं, ही रेघ मारली, ती आजही पाळतात.

आता खरी लढाई. मोटार कुठून निघाली? कुणीही येतं-जातं अशा पडक्या विहिरीतून निघाली असेल, तर ती फक्त ह्यालाच माहीत होती असं कसं म्हणायचं? पोलिसांना आधीच ठाऊक होती का? पंच कोण होते, गावचे का ठाण्यासमोरच्या हॉटेलातले? त्यांच्या सह्या याच ठाण्याच्या आणखी किती पंचनाम्यांवर आहेत? निवेदनाचा पंचनामा आणि जप्तीचा पंचनामा यांच्या वेळा जुळतात का? आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १०५ प्रमाणं झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायला हवं. ते कुठं आहे? हे सगळं दाखवायचं ओझं सरकार पक्षाचं. आरोपीच्या वकिलानं उलटतपासणीत एकेक धागा ओढायचा.

एक मात्र खरं सांगतो. वस्तू खरोखर त्याच्याच सांगण्यावरून सापडली असेल तर कोर्टाला मारहाणीचं सांगणं जड जातं. माणसाच्या मनात बसतं, सापडली ना मग! हा कायद्याचा दोष कमी, आपल्या सगळ्यांच्या मनाचा जास्त.

नांदेडकर_विलायतेत
मूळचा नांदेडचा, बरीच वर्षं इंग्लंडात. इथलं सांगतो, तुलना म्हणून.

इथं १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यात कलम ७६ आहे. आरोपीनं नुसतं म्हटलं की कबुली छळ करून घेतली, तर तसं झालं नाही हे सरकार पक्षानं वाजवी शंकेपलीकडं शाबित करायचं. नाही जमलं तर कबुली बाद, मग ती खरी का असेना. कबुली खरी असली तरी बाद, हे वाचून मी पहिल्यांदा चमकलो होतो. मागं कारण आहे. चुकीच्या कबुलीजबाबांवर लोक वर्षानुवर्षं आत राहिले, तेव्हा कुठं डोळे उघडले. चौकशीचं ध्वनिमुद्रण होतं, ठाण्यातच फुकट वकील मिळतो. अमेरिकेत १९७२ च्या लेगो निकालानुसार ओझं सरकार पक्षावरच, पण थोडं हलकं, संभाव्यतेचं पारडं झुकलं तरी भागतं.

जमादार काकांना एवढंच सांगेन, ध्वनिमुद्रणामुळं इथल्या प्रामाणिक पोलिसाचीच सोय झाली. खोटा आरोप आला तर टेप लावायची.

सोयाबीन_भाव_द्या
आमच्या ठाण्यात टेप लावायची मनली तर आधी लाइट पाहिजे!

परभणीचा_पोरगा
इथं विनोद चालू द्या, पण मला राहवत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या परभणीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, मग आंदोलन, मग धरपकड. त्यात धरलेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळं आलेल्या धक्क्यानं मृत्यू असं आलं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा दाखल व्हायला त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं. ४ जुलै २०२५ ला खंडपीठानं गुन्हा दाखल करायचा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथंही महिनाअखेरीस आदेश कायम राहिला.

जिथं माणूस मेला, शवविच्छेदन बोललं, दंडाधिकारी बोलले, तिथंसुद्धा आईनंच पळायचं. मग जिवंत सुटलेल्या सालगड्याच्या पोराला कोण विचारणार?

अॅड. मांजरा
परभणीकर, तुमच्या रागाला आधार आहे. हा प्रश्न जुना आहे. उत्तर प्रदेशातल्या रामसागर यादव खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कोठडीतल्या छळाला पोलिसच साक्षीदार असतात, त्यामुळं शाबितीचा नियम बदलायचा सरकारनं विचार करावा. त्याच वर्षी विधी आयोगानं ११३ वा अहवाल दिला. कोठडीत दुखापत झाली असेल तर ती त्या अधिकाऱ्यानं केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, यासाठी ११४-ब असं नवं कलम सुचवलं. ते कायद्यात आलंच नाही. २०१७ च्या २७३ व्या अहवालात पुन्हा तेच. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ ला सही केली, अनुसमर्थन, म्हणजे तो करार अधिकृतपणे लागू करून घेणं, बाकी आहे. अख्खा पुरावा कायदा नव्यानं लिहिला, तेव्हा तरी हे कलम घालायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. बलात्काराच्या खटल्यांत संमतीबाबत असं गृहीतक १९८३ पासून आहे, आणि तेही गडचिरोलीकडच्या देसाईगंज ठाण्यात पोलिसांवरच बलात्काराचा आरोप झालेल्या मथुरा प्रकरणानंतरच आलं. म्हणजे ओझं फिरवणं आपल्या कायद्याला अनोळखी नाही.

भरपाईच्या दाव्यात मात्र चित्र बरं आहे. १९९३ च्या नीलाबती बेहरा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कोठडीतल्या माणसाला जखमा कशा झाल्या याचा खुलासा करायचं ओझं राज्यावर.

सिव्हिलवाली
मी सरकारी दवाखान्यात काम केलेली डॉक्टर आहे. अटकेतला माणूस तपासायला आणतात तेव्हा दोन शिपाई सोबत उभे असतात. मी विचारायची, काही त्रास आहे का? तो शिपायाकडं बघायचा आणि नाही म्हणायचा. शिपायांना बाहेर थांबायला सांगितलं की दहातले काही जण बोलू लागायचे. रात्रपाळीत गर्दी असली की पुष्कळ जण नुसतं "ताज्या जखमा नाहीत" लिहून मोकळे होतात.

तळपायावरचा मार वरून दिसत नाही. बूट-चप्पल काढायला लावलं नाही तर कळतच नाही. सूज दोन-चार दिवसांत उतरते, काळंनिळं हिरवट-पिवळं होत जातं, त्यावरून मार साधारण कधीचा हे सांगता येतं. म्हणून वेळ फार मोलाचा. सुटून आल्यावर मेडिकलवाल्याकडून मलम आणून लावू नका, आधी सरकारी दवाखान्यात जाऊन एमएलसी, म्हणजे जखमांची कायदेशीर वैद्यकीय नोंद करा, जखमेचे फोटो काढा. आणि आत असताना झालेल्या तपासणीच्या अहवालाची प्रत मिळणं हा अटकेतल्या माणसाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाप्रमाणं कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी व्हायला हवी. ते कागद मागा. नसतील, तर ते नसणंच बोलतं.

जमादार_निवृत्त
डॉक्टरबाई बरोबर बोलल्या. शिपाई बाहेर थांबला पाहिजे.

आणि कॅमेऱ्याचं पण सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचा परमवीर सिंग सैनी निकाल, डिसेंबर २०२०. ठाण्याचा दरवाजा, लॉकअप, वऱ्हांडा, सगळीकडं कॅमेरे. चित्रण १८ महिने ठेवायचं, निदान वर्षभर तरी. आमच्या लोकांना ह्याचा राग येतो, पण मी तरुण पोरांना सांगतो, कॅमेरा तुमचा वैरी नाही.

तेरणाकाठची
काका ❤️

मुंबईत_राहणारा_उदगीरकर
मोक्कात, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या कायद्यात, हे सगळं उलटं आहे ना? तिथं पोलिसांपुढची कबुली चालते म्हणे.

अॅड. मांजरा
हो. मोक्का, १९९९, कलम १८. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली चालते, तिच्यासाठी काही अटी आहेत. पण २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात काय झालं बघा. २०१५ ला विशेष न्यायालयानं पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी घेतलेल्या कबुल्यांत मजकूर शब्दशः सारखा होता, आणि छळाच्या तक्रारीला दवाखान्याच्या कागदांचा आधार मिळाला. सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, हेही सांगायला हवं. सिव्हिलवाली ताईंचं म्हणणं किती खरं आहे ते यावरून कळेल. त्या वेळी कुणा डॉक्टरनं लिहिलेल्या दोन ओळी १९ वर्षांनी कामाला आल्या.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण माझी मूळ अडचण तशीच आहे. पोरानं न्यायाधीशांपुढं "तक्रार नाही" म्हटलंय, ते लिहून घेतलंय. एमएलसी केली नाही. फोटो आहेत, पण ते त्याच्या बहिणीच्या मोबाइलवरचे. आता दार बंद झालं का?

अॅड. मांजरा
बंद नाही, जड झालंय. शीला बारसे खटल्यात, १९८३ साली आणि तोही महाराष्ट्राचाच, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला छळाबद्दल स्वतः विचारायचं आणि वैद्यकीय तपासणीच्या हक्काची माहिती द्यायची. ती माहिती दिली होती का, ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत बघा. मारणारे पाठीशी उभे असताना आणि पुन्हा त्यांच्याच ताब्यात जायचं असताना कुणी तक्रार करत नाही, हे न्यायाधीशांनाही कळतं. खटल्यात न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ चा जबाब तो देईल, म्हणजे जुना ३१३ चा, तेव्हा त्यानं सगळं सविस्तर सांगावं. बहिणीचा मोबाइल जपून ठेवा, विकू नका, रीसेट करू नका. मूळ फोटो त्यातच राहू द्या.

आणि तुमची सगळ्यात भक्कम बाजू मारहाण नाहीच, सोमवार आणि बुधवार ही आहे. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं न्यायचं असतं. सोमवारी नेलं हे दिसलं की मधल्या वेळात काय केलं ह्याचा खुलासा त्यांनाच करावा लागेल. त्याच संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज करून स्टेशन डायरी, ठाण्याचं चित्रण आणि पोराच्या फोनचे टॉवर लोकेशन मागवा. चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज आजच द्या, उद्या नको. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा, अटकेतल्या माणसाला मोफत वकील हा त्याचा हक्क आहे.

पालावरचा
गोदाकाठ, सोमवारी रात्री घरच्यांपैकी कुणी ११२ ला फोन केला होता का? आमच्या एका केसमध्ये बाईनं रात्री फोन करून "माझ्या मालकाला नेलंय, कुठं नेलं सांगत नाहीत" असं सांगितलं होतं. त्या फोनची वेळ नोंदली गेली आणि अटकेची खोटी वेळ उघडी पडली.

गोदाकाठ
आत्ताच त्याच्या बहिणीला विचारलं. तिनं केला होता, रात्री साडेदहाच्या सुमारास. "ठाण्यात जाऊन विचारा" म्हणाले आणि ठेवला. तिच्या मोबाइलच्या यादीत तो कॉल अजून आहे.

अॅड. मांजरा
स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइल कंपनीकडून त्या नंबरचा तपशील मागवायचा अर्ज उद्याच लिहू. कंपन्या असा तपशील दोन वर्षं ठेवतात. नियंत्रण कक्षाच्या ध्वनिमुद्रणासाठी वेगळा अर्ज लागेल. मला व्यक्तिगत निरोप करा, मसुदा पाठवतो. पैशाचं बोलू नका.

बालाघाटी
पोराला कोर्टाच्या तारखेला न्यायला गाडी लागली तर मला सांगा. माझी बोलेरो रिकामीच उभी असते.